आठवड्याचे अंगठे एकदम

मसोली, डहाणू
जानेवारी २०१७

धाकटी बहीण झुलेखा हिला जैबुनचा सलाम आणि पोटभर दुआ. मी तुझी थोरली बहीण, विसरली असशील म्हणून सांगते. ईदला येते म्हणालीस. कुठल्या ईदला, ते विचारायचं माझंच राहिलं. तलासरी काही परदेश नाही. गुडघे कसे आहेत? तेल नेलंस, ते लावायचंही असतं.

इथे मी गुन्हेगार ठरले आहे. (लिहिते आहे माझी नात अफरीन, म्हणजे फिर्यादीच कारकून.) हिच्या शाळेत दुपारची नमाज सगळी मुलं एकत्र पढतात. त्याआधी हातपाय-तोंड धुवायचं, वजूला नळावर रांग, ढकलाढकली नाही, पाणी सांडायचं नाही. आता घरचा नळही ती मला टपकू देत नाही. बाकीच्या चार नमाजा घरी पढायच्या. त्यांची एक वही आहे, रोज घरच्यांची सही लागते. मला सही कुठली, अंगठा. रोज शाई लावली की भाकरीवर निळे डाग. म्हणून रविवारीच मी आठवड्याचे अंगठे उठवून मोकळी व्हायचे.

बुधवारी हिच्या वर्गाच्या तहसीनबाईंनी वही उघडली, तर आम्ही येत्या शनिवारची रात्रीची नमाजसुद्धा पढून बसलेल्या. हिने सगळं कबूल केलं. वर न विचारता हेही सांगितलं की "मंगळवारी पहाटे दादी आणि मी गोधडीतच होतो." (निम्म्यावर थांबता आलं असतं, असं मी म्हटलं. तर म्हणते, "मग उरलेलं निम्मं कुणाला सांगू, दादी?") साठ वर्षं नमाज पढते आहे मी, पण दहा वर्षांच्या पोरीपुढे मान खाली गेली. आता पहाटे तीच मला उठवते, आणि मी उठते.

पण वापीला हिच्या बापाला, इम्तियाजला कळलंय. म्हणतो, आईला जमत नसेल तर पोरीला आमच्याकडे आणतो. पुढच्या शुक्रवारी बाई घर बघायला येणार, त्या सांगतील तसं तो करणार. ही गेली तर चूल कुणासाठी पेटवू, ते मला सांग.

तुझी,
जैबुन

ता. क. मी झोपेची गोळी घेतली होती, असं इम्तियाजला तू सांगावंस, हे लिहायचं होतं. ही लिहीत नाही. म्हणते, तू गोळी घेतच नाहीस. तेव्हा तो वाटेत तुझ्याकडे उतरला की त्याला जे खरं ते सांग, पण आधी जेवू घाल.

आणखी एक. बाई जेवायला थांबतील. सांदणं पाठव, वीस पुरे, गूळ बेताचा. मीच केली म्हणून वाढणार होते, पण वाढायला हीच असणार. तुझं नाव कोरलेल्या डब्यातच पाठव.