देव मद्रासला कोणत्या भाषेत बोलतो

२ मार्च १९५८, रविवार
नाताळात तुळसी म्हणाली होती, "बाबा, आता एकटे राहू नका. जालन्याला आमच्याकडे या. ईस्टरच्या आत सांगा, म्हणजे दवाखान्याचं मोठं क्वार्टर मागते." लेकीचं मन मोठं. पण असे निर्णय भावनेच्या भरात घेऊ नयेत. शिवाय बापाने लगेच 'हो' म्हणणं बरं दिसत नाही. आजपासून प्रभूची इच्छा शोधायची. पद्धतशीर. आठवड्यात उलगडा होईल.

५ मार्च
बायबलातल्या एका सरदाराने रात्री लोकर खळ्यावर टाकून देवाकडे खूण मागितली होती. मद्रासमध्ये लोकर कुठली? ट्रंकेतून मफलर काढला. हिने विणलेला, इथे एकदाही गळ्यात घालावा लागला नाही. आता ही कीलपॉकच्या दफनभूमीत. गच्चीवर पसरला. उद्या मफलर ओला आणि गच्ची कोरडी, तर जालना.

६ मार्च, सकाळ
मफलर गच्चीवर नाही. घरमालकीण सकवारबाईंनी घडी करून माझ्या दारात ठेवलेला. "वाद्यार, दंव पडतें मणून आंत आणलें. येवढें चांगलें विणकाम टाकून देताव काय?" इथे मास्तरला वाद्यार म्हणतात. बाईंची तंजावरची मराठी कानाला गोड लागते.
मफलर ना ओला, ना कोरडा. अर्थ स्पष्ट: थांब.

१४ मार्च, पहाट
डोळे मिटून विचारलं, जाऊ का? तेवढ्यात आवाज आला: "वा! वा!" अंगावर काटा. मराठीत घेतलं तर शाबासकी. तमिळमध्ये घेतलं तर 'ये'. पण शाबासकी कशाबद्दल? आणि ये म्हणजे कुठे? देव मद्रासला कोणत्या भाषेत बोलतो, हे आधी ठरवायला हवं.
दुपारी: सकवारबाई वासराला बोलावत होत्या. तरी प्रश्न खुला ठेवतो.

२३ मार्च, रविवार
चर्चनंतर पाळकांना सहज म्हणालो, कदाचित मद्रास सोडीन. वाटलं, थांबवतील. "व्हेरी गुड, सार! गॉड्स विल!" म्हणाले आणि कॉफीकडे वळले. इतकी वर्षं संडे स्कूल घेतली.
घरी सकवारबाईंनाही सांगितलं. "बरें झालें. लेकीपाशीं असावें मनुष्यानें. कधीं निघताव?" जिन्यात जरा रेंगाळलो. त्यांना हुंदका आला असणार, पदरात लपवला. वरून पाहिलं तर घेवडा निवडत होत्या. माझ्यावाचून या घराचं अवघड आहे.

२९ मार्च
आज कुणाशी बोलणं झालं नाही. संध्याकाळी चौथीच्या कविता मोठ्याने म्हटल्या. प्रत्येक ओळीनंतर थांबायची सवय अजून जात नाही. वर्ग मागून म्हणेल, म्हणून.

४ एप्रिल, गुड फ्रायडे
आज निर्णय पक्का करणार होतो. पण उपास. रिकाम्या पोटी देवाचं मन नीट कळत नाही.

६ एप्रिल, ईस्टर
उत्तर नाही. देवाला घाई नसते. मग मला का असावी?

१० एप्रिल
पोस्टातून जालन्याच्या दवाखान्यात ट्रंक कॉल. तुळसी म्हणाली, "ईस्टर झाला, बाबा. मोठं क्वार्टर दुसऱ्यांना दिलं." मी म्हणालो, देवाची इच्छा अजून स्पष्ट होत नव्हती. मग म्हणाली, "मी देवाला कुठे विचारलं होतं, बाबा? तुम्हाला विचारलं होतं."
पुढे तीच म्हणाली: "छोट्या घरातही तुमची खाट मावेल. यायचंय का, तेवढं सांगा."
घसा साफ केला आणि नीट सुरुवात केली: "हे बघ तुळसी, मार्गदर्शनाचे तीन प्रकार असतात..." दुसरा प्रकार सांगता सांगता कॉलची तीन मिनिटं संपली. मी 'येतो' म्हणालो, तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं.

११ एप्रिल
पुन्हा कॉल लावावा का? पोस्ट पाचपर्यंत उघडं. तुळसी आज ड्यूटीवर आहे, म्हणजे फोनपाशीच असेल.
सकाळपासून याचसाठी प्रार्थनेला बसलो आहे.