मटाराएवढं मलम

ती. कुसुमताईस,

दिघीहून वासंतीचा नमस्कार (कपाळ न टेकवता, कारण पुढे येईल). राजगुरुनगरच्या थंडीत तुझे गुडघे फार कुरकुरत नसतील अशी आशा. इकडे सगळे ठीक. माझा चेहराही आता माझाच आहे.

पाळी थांबून वर्ष झालं आणि गाल उघड्यावर राहिलेल्या कणकेसारखे कोरडे पडले, असं मी फोनवर म्हणाले, म्हणून तू तुझ्या डॉक्टरांनी दिलेली सुरकुत्यांवरची ट्यूब धाडलीस. झोपताना मटाराएवढं लाव, म्हणालीस. मटार कोरडा की उसळीला भिजवलेला, ते सांगितलं नाहीस. मी भिजवलेला धरला, तोही दर गालाला एक आणि कपाळाला एक. (पंचेचाळीस वर्षं आरशात फक्त टिकली बघणाऱ्या बाईला अशी घाई होते.) सहाव्या दिवशी चेहरा लाल झाला आणि नव्या बटाट्यासारखी सालं निघायला लागली. ह्यांनी निरखून बघितलं आणि विचारलं, चष्मा बदललास का.

खरी फजिती सोमवारी. चाकणला आमच्या कंपनीत हजेरी चेहऱ्यावर लागते. मशीनसमोर उभी राहिले, तर पडद्यावर आलं, ओळख पटली नाही. चष्मा काढला, हसले, गंभीर झाले, नाहीच. मागे सकाळच्या शिफ्टची रांग. ताई, हसू नकोस. वर्षभर वाटतच होतं, आपण हळूहळू पुसले जातोय. आता तसं लेखीच मिळालं. तेवढ्यात गेटवरच्या शालनबाई आल्या (कुरुळीच्या, आवाज भोंग्याएवढा). मला न्याहाळून म्हणाल्या, "मशीनला न्हाई कळत तर न्हाई. मी वळखते की. आमच्या वासंतीम्याडम हायेत. नुसत्या भाजल्यात." रांग हसली, मीही हसले. रडूही येत होतं, पण गालांना झोंबेल म्हणून आवरलं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कायमचं काही बिघडलेलं नाही. दहा दिवस बंद, मग आठवड्यातून दोनदा, सगळ्या चेहऱ्याला मिळून एकच मटार (कोरडा), आणि दिवसा उन्हापासून जपायचं क्रीम. सुरकुत्या फिकट होतील, पण जाणार नाहीत. जीव भांड्यात पडला. शालनबाईंना ओळखायला काही तरी उरलं पाहिजे.

तुझी,
वासंती

ता. क. तुझी ट्यूब मी रागाने फेकून दिली. चेहरा अगदी पूर्वीसारखा झालाय.

आणखी एक. त्या सोमवारी ऑफिसातल्या कुलदीपने मशीनमधला माझा जुना फोटो काढून सोललेल्या चेहऱ्याचा चढवला. आता मशीन मला पुन्हा ओळखत नाही, आणि शालनबाई पंधरा दिवस लेकीकडे चालल्यात. तेवढी एक ट्यूब लगेच धाड.