एकट्याने पाहिलेला कोरिया

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी

कोरियाचा व्हिसा येणार नाही. करोल बागेतल्या एजंटने, म्हणजे धवलने, फोनवर पक्के सांगितले. पासपोर्टची मुदत फेब्रुवारीत संपते आणि त्यांना सहा महिने शिल्लक लागतात. वर म्हणाला, "सर, ये तो बच्चों को भी पता होता है."

आमच्या बच्चीला माहीत होते. अबोलीने उन्हाळ्यातच सांगितले होते, बाबा, पासपोर्ट आधी रिन्यू करा. मी म्हटले होते, केंद्र सरकारात जन्म काढलेल्या माणसाला नियम शिकवू नकोस. यात माझे काही चुकले नाही. मला सगळे नियम माहीत आहेत. हा एक नव्हता.

संध्याकाळी घरी सांगून टाकायचे.

संध्याकाळी

सांगणे राहिले. घरी पोचलो तर मंडळाचा सेक्रेटरी प्रसन्न शाल-नारळ घेऊन हजर. लक्ष्मीबाई नगरातली झाडून सगळी मराठी बिऱ्हाडे आमच्या हॉलमध्ये. रविवारी, २३ला, मंडळात माझे व्याख्यान आहे: 'एकट्याने पाहिलेला कोरिया: वारसा, कला, संस्कृती'. पत्रिका छापून झाल्या. कुमुदिनीने ओवाळले. बायको ओवाळत असताना नवऱ्याने खरे बोलू नये, निरांजन सांडते.

अबोली मागे उभी होती. ती तीन वर्षे कोरियन शिकते आहे. जूनमध्ये मीही येते म्हणाली होती. मी म्हटले, तुझी नाटकं-गाणी वेगळी, माझा विषय वारसा. शिवाय सोलो म्हणजे सोलो. पुन्हा बोलली नाही. समजूतदार मुलगी.

१३ नोव्हेंबर

उपाय सापडला. गुरुग्राममध्ये एक कोरियन गेस्टहाउस आहे. मालक कोरियन, जेवण कोरियन, पाहुणे कोरियन कंपन्यांचे. म्हणजे कोरियाच, फक्त जमीन हरियाणाची. संस्कृती माणसांत असते, जमिनीत नाही. हे वाक्य व्याख्यानात घेणे.

हे खोटे बोलणे नव्हे. ठिकाण सांगायचे राहिले, एवढेच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एअरपोर्टला कोणी येऊ नका म्हणून निक्षून सांगितले. टॅक्सी आयएनए स्टेशनला सोडली, गुरुग्रामची मेट्रो धरली.

मालक मिस्टर ओ. ठराव होता की चार दिवस हिंदीचा एक शब्द काढायचा नाही. दारातच त्यांनी सांगितले, "भाई साब, जूते उधर." सोळा वर्षे गुरुग्राममध्ये आहेत. ठराव रद्द. त्यांची आई इथेच असते. ऐंशीच्या घरातली आजी, टुणटुणीत. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. ओ म्हणाले, अम्मा विचारतेय, हा कोणत्या कंपनीचा. मी सांगितले, अभ्यासक आहे. त्यांनी तिला काय सांगितले कळले नाही. तिने मला एक केळे दिले.

सोल साडेतीन तास पुढे. म्हणून सात वाजताच घरच्या ग्रुपवर 'शुभ रात्री' टाकून फोन बंद केला. मग सहा तास झोप येईना.

१६ नोव्हेंबर

खिडकीतून फोटो काढून पाठवला: 'सोलचे पहाटेचे धुके'. धुक्याने दिवसभर खोकलो.

कुमुदिनीचा कॉल. बोलता बोलता खाली कबाडीवाला ओरडला. ती म्हणाली, हे काय? मी म्हटले, मठातला मंत्रपाठ. तिने तिकडे हात जोडले. अबोली शेजारी होती. तिने विचारले, बाबा, मठ सायकलवर आहे का? ही मुलगी हल्ली फार टोचून बोलते.

दुपारी कला. जेवणघरातल्या भिंतीवर वाघ आणि मैना असे एक चित्र आहे. तासभर पाहिले. दोन पाने टिपणे. वाघ म्हणजे ज्ञानी पुरुष, पक्षी म्हणजे संसार. ओ म्हणाले, वाघ म्हणजे मूर्ख साहेब आणि पक्षी त्याची टिंगल करतो. आणि मैना नाही ती. शिवाय कॅलेंडर गेल्या वर्षीचे आहे, हवे असेल तर घेऊन जा.

१७ नोव्हेंबर

काड्यांनी जेवायचे ठरवले होते. बाकीचे ताटे उचलून गेले तेव्हा चमचा मागितला. तुलनात्मक अभ्यास म्हणून. आजी हसली.

जमिनीवर झोपण्याने गुडघे गेले.

व्याख्यान जवळजवळ तयार आहे. कोरिया न बघता इतके सुचले. बघून कदाचित गोंधळ झाला असता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज खरा वारसा. आजीचा वाढदिवस. समोर फळांच्या, केकच्या राशी, मध्ये आजी रेशमी कपड्यांत. एकेक जण पुढे होऊन जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार करत होता. एकदाच. मला ही कंजुषी वाटली. आपल्याकडे देवाला, गुरूला एकावर कोण थांबतो? मी पुढे झालो, साष्टांगाच्या जवळपास गेलो, उठलो, आणि पुन्हा गेलो.

सगळे गप्प. भारावले असावेत.

मग ओ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाई साब, दो बार तो मरे हुए को करते हैं."

आजी मला बघत होती. काहीतरी म्हणाली आणि सगळे फुटले. ओंनी हिंदी केली: "अम्मा कह रही है, अभी टाइम है, जल्दी मत करो."

मीही हसलो. कान मात्र तापले होते. कोणीतरी व्हिडिओ काढला आणि गेस्टहाउसच्या पेजवर टाकला. पेज कोण बघतो?

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी

अबोलीचा मेसेज. 'बाबा, मॅडमनी क्लासमध्ये एक व्हिडिओ दाखवला. नमस्कार कसा करू नये. सगळे खूप हसले. मीपण हसले, मग चेहरा दिसला. पत्ता पाठवा.'

पहिला विचार: चेहरा स्पष्ट नसेल. व्हिडिओ पाहिला. स्पष्ट आहे.

पत्ता पाठवला.

दुपारी, घरी

आईला एअरपोर्टवर जायचे होते. मीच आणते म्हणून अबोली निघाली, आणि गुरुग्रामला आली. मला वाटले भांडेल. बूट काढले, ओंना वाकून काही बोलली आणि आजीसमोर जाऊन नमस्कार केला. एकदाच. आजीने तिचा हात धरला तो सोडेना. दोघी बोलत बसल्या. अबोली हात हलवत, हसत, मध्येच अडखळत, आजी दुरुस्त करत. माझ्या मुलीचा असा आवाज मी कधी ऐकलेला नाही. मी बॅग घेऊन बुटांच्या मांडणीपाशी बसलो होतो. कोणी माझ्याकडे बघत नव्हते, हे बरे होते.

टॅक्सीत विचारले, शेवटी आजी काय म्हणाली?  अबोली म्हणाली, तिने विचारले, तुझे बाबा इथे कशाला आले होते? मी सांगितले, कोरिया बघायला. तर म्हणाली, मग तुला का नाही आणले?

मी म्हटले, तू काय सांगितलेस?

म्हणाली, मला तेवढे कोरियन येत नाही म्हटले.

ती आईला काही सांगणार नाही. मंडळालाही नाही. ते तुम्ही सांगायचे, आधी आई, मग प्रसन्नकाका, असे म्हणाली. रागावून नाही. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आले असते.

प्रसन्नचा मेसेज येऊन पडला आहे: हॉल नक्की, आधी सत्कार, मग व्याख्यान.

आत कुमुदिनी बॅग उघडते आहे. तिकडे थंडी नव्हती का, स्वेटरची घडीसुद्धा मोडली नाही, असे विचारते आहे. दुसऱ्यांदा विचारले. अबोली दारात उभी आहे. आता उठावे लागेल.