तिसऱ्या लिफ्टची गाळणी

३ जून, सोमवार
लागली बाबा एकदाची नोकरी! लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसानं लाल बटण दाबलं की त्याची हाक सात सर्व्हर पार करत मदतवाल्यांकडे पोचते. प्रत्येक हाकेला एक क्रमांक असतो. वाटेतला प्रत्येक सर्व्हर तो टिपून ठेवतो. हाक कुठे अडली, ते त्या क्रमांकाचा माग काढून मी सांगायचं. साहेबांना सगळे मुकादम म्हणतात. माझ्या खुर्चीवरचा आधीचा माणूस न सांगताच निघून गेला म्हणे, चष्माही ड्रॉवरमध्येच ठेवून. वेंधळाच असणार. धाकटीला फोन केला तर म्हणाली, दादा, तुझं ऑफिस बघायचंय. आईबाबांमागे आम्ही दोघंच. दाखवतो की, म्हटलं.

५ जून, बुधवार
एका हाकेनं डोकं उठवलंय. दर पाच मिनिटांनी येते, सातही सर्व्हर फिरते, उत्तर मिळत नाही. माग काढला तर आमच्याच इमारतीची तिसरी लिफ्ट! तिला केव्हाच्या फळ्या ठोकल्यात, असं वॉचमन म्हणाला. मुकादम म्हणाले, बटण बिघडलं असेल.

७ जून, शुक्रवार
पहिल्याच सर्व्हरवर गाळणी बसवली. तिसऱ्या लिफ्टची हाक आली की तिथंच टाकून द्यायची. कशी जिरवली! मुकादमांनी पाठ थोपटली. आधीचा म्हणे कामधाम सोडून फळ्यांना कान लावून बसायचा.

१० जून, सोमवार
धाकटी अकराला येणार होती. एक वाजला. फोन लागत नाही. वॉचमन म्हणतो, आली की, तिसऱ्या लिफ्टनं वर गेली, सकाळपासून उघडीच आहे ती. धावत गेलो. फळ्या जागच्या जागी. खिळे गंजलेले.

दीड वाजता
गाळणीनं अकरापासून दोनशे बारा हाका टाकल्यात. शेवटची बाराला. मीच, माझ्या हातानं—

मुकादम चहा ढवळत म्हणाले, "हाक पोचेनाशी झाली की ती लिफ्ट नवीन माणूस घेते. एक आत असला की बाकीच्या नीट चालतात."

दोन
गाळणी काढली. खाली आलो. फळ्या नाहीत. दार उघडं. आत तिची एक चप्पल. बटणाभोवती नखांचे—

आत शिरलो. दार लागलं.

मोबाईलवर माग दिसतोय. बटण दाबलं. माझी हाक निघाली. पोचेल आता. पण वर माझ्या खुर्चीत मुकादम—

पहिला सर्व्हर: टाकून दिली.

पुन्हा दाबतो.

पहिला सर्व्हर: टाकून दि