चांदवेल धाकटीच्या हवाली

मी, गल्लीच्या टोकाची इस्त्रीवाली, शिकले थोडं पण डोकं ठिकाणावर आहे. कुणी भरीस न घालता हे लिहून ठेवते. मला काही झालेलं नाही, विचारत बसू नये.

१. घर आणि मागचं आवार माझ्या धाकट्या बहिणीला. तिच्या नवऱ्याने त्यात नाक खुपसू नये. आवारातली चांदवेल त्याने तण म्हणून खणली, मुळांचे तुकडे केले आणि खत होईल म्हणून स्वतःच्या वाफ्यात पुरले. तुकड्यातुकड्यातून वेल उठली, टोमॅटोला गळफास बसला. म्हणतो, "ताई, तुम्ही मुद्दाम गप्प बसलात." विचारलं असतं तर सांगितलं असतं. धाकटी त्याच्या बाजूने बोलली. तेव्हापासून आमच्यात अबोला आहे.

२. आवारात वेल पुन्हा फुटली आहे, ती ठेवावी. पाला वाटून गळवावर बांधायचा. मुळाचा काढा अडलेल्या पोटाला, तोही जरासाच, नाहीतर माणूस संडासातून उठत नाही. गरोदर बाईला आणि लेकराला अजिबात नाही. आईने हे आम्हा दोघींनाच शिकवलं. तिसरं कुणी नाही.

३. मागच्या दाराला दिवसा कडी लावू नये. पोट अडलेला माणूस पुढून येत नाही. कुलूपवाले आले, म्हणाले, "बायकोसाठी हवंय."
"ती तर माहेरी गेलीय."
"मग येईल तेव्हासाठी."
पुडी घेतात आणि निघतात. रस्त्यात भेटले की मान फिरवतात, ओळख दाखवली तर लोकांना कळेल ना. अख्ख्या गल्लीची पोटं मला ठाऊक, पण बसा म्हटलं तर टेकत कुणी नाही. बसायला खुर्ची ठेवली होती. आता तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात.

४. इस्त्री आणि टेबल शिंपीणबाईंना. त्या निदान दारात उभ्या राहून बडबड करतात. बँकेत असेल ते माझ्या शेवटच्या खर्चाला. माणसं फार येतील असं धरू नये.

५. किल्ली न्यायला धाकटीने स्वतः यावं. कुणाला पाठवलं तर घरही शिंपीणबाईंचं.

६. मी असतानाच ती आली, तर हा कागद फाडावा. नवा दोघी बसून लिहू. नवरा सोबत आला तरी चालेल.

साक्षीदारांनी वरचं वाचू नये, नुसती सही करावी.

सही: इस्त्रीवाली
साक्षीदार: कुलूपवाले, पोस्टमन
ठिकाण: माझं स्वयंपाकघर
तारीख: आज, सोमवार. आकडा पोस्टमन घालतील.