सुटायला हवी होती ती पकड

बेसा, नागपूर
१३ डिसेंबर

प्रिय मिनल,

एकोणीस स्लेज, बेचाळीस जोडी स्कींच्या पोलादी कडा, बूट वाळवायची मांडणी जिच्यावर एका वेळी चोवीस बूट उलटे बसतात, तुझ्या खोलीतल्या बुखारीचं, त्या लाकडाच्या शेगडीचं, धुराडं, आणि जखमी माणसाला उतारावरून खाली आणायची ती लांब स्लेज. तीन हिवाळ्यांत मनालीला मी माझ्या हातानं केलं ते एवढं. दुरुस्त्या यात धरलेल्या नाहीत. आयटीआयचा कागद माझ्याकडे नाही, हे तू कामाला आहेस त्या स्कीच्या दुकानाच्या मालकाला, ठाकूरसाहेबांना, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी एक वेल्डिंग उलटंपालटं करून पाहिलं आणि कागदाचं नाव पुन्हा काढलं नाही.

इथेही थंडी पडली आहे. सकाळी नऊ अंश होते. तुझी आई स्वेटरवर शाल घेऊन बसते, आणि तुम्ही लोक उणे आठमध्ये राहता यावर तिचा अजून विश्वास नाही. तिकडे पहिली गर्दी आली असेल, भाड्याचे कोट आणि गमबूट चढवून फोटो काढणारी. कळमेश्वरच्या शेडमध्ये मी लेथ सुरू करतो तेव्हा लोखंड हाताला झोंबतं, पण तिथल्यासारखं चिकटत नाही. हल्ली दुपारनंतर खांदा उचलत नाही. चार वाजता शटर ओढतो. पूर्वी चार वाजता चहा घेऊन मी खऱ्या कामाला लागायचो.

मागच्या आठवड्यात तू आईला फोनवर सांगितलंस की यंदा लहान मुलांना स्की शिकवायला तुला विचारलं होतं आणि तू नाही म्हणालीस. काउंटरवर बसून बुटांचे नंबर लिहिणंच बरं, माझा अंदाज आता चुकतो, असं म्हणालीस. स्पीकर चालू होता. मी पोळीचा तुकडा हातात धरून बसलो होतो. दोन वर्षं तू हेच सांगत आलीस, की वळायला उशीर केला, गुडघा गेला, चूक माझी. दोन वर्षं मी ते ऐकून घेतलं.

पुढचं फोनवर जमणार नाही. तू मध्येच बोलतेस आणि मला थांबायला निमित्त मिळतं.

बुटाला स्कीवर धरून ठेवणारी ती पकड, जिला तिथे सगळे बाइंडिंग म्हणतात, तिचं अर्धं काम धरायचं आणि अर्धं सोडायचं. माणूस पडला की तिनं बूट सोडून द्यायला हवा, नाहीतर एवढी लांब स्की पाय पिळून काढते. किती जोरावर सोडायचं ते स्प्रिंगच्या स्क्रूवर ठरतं; आकडा जितका मोठा तितकी पकड घट्ट. तुझा आकडा सहा. वजन, उंची, बुटाची लांबी मोजून मीच लावलेला. तू पडलीस त्याच्या आदल्या दिवशी वीस पर्यटकांना वळण दाखवताना घसरलीस आणि उजवी स्की सुटून एकटीच खाली निघून गेली. जेवताना तू हसत म्हणालीस, "बाबा, तुमची पकड सुटून गेली न आज. सगळे मले हसून राहिले होते." ठाकूरसाहेबही हसले. स्की सुटली म्हणूनच तुझा पाय वाचला, हे त्या ताटावर मला पक्कं माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तू चहा घेत होतीस तेव्हा त्या स्क्रूला पेचकस लावला आणि आकडा नऊवर नेला. मी बसवलेली वस्तू लोकांसमोर सुटते हे मला सहन झालं नाही. दुसरं कारण नाही, मी शोधून पाहिलं.

अकरा वाजता ओल्या बर्फात तू पडलीस. वळायला उशीर झालाही असेल, रोज कोणाला तरी होतो. आकडा सहावर असता तर तू कपडे झटकून उठली असतीस. तुला मी केलेल्याच स्लेजवर बांधून खाली नेलं, सगळे तुझ्यासोबत गेले. मी मागे राहिलो. खिशातून पेचकस काढला आणि आकडा परत सहावर आणला. नंतर ठाकूरसाहेबांनी पाहिला तेव्हा सहाच होता. म्हणून पकड बरोबर ठरली आणि तू चुकलीस.

सोमवारी हे तुझ्या आईला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. सगळ्या सोलून झाल्यावर म्हणाली, "मले काहून सांगता? पोरीले सांगा." तेव्हापासून कामापुरतं बोलते.

म्हणून हे पत्र. तुझा अंदाज चुकला नव्हता. मुलांना शिकवायला जा, आणि आकडा स्वतःचा स्वतः लाव, माझ्यावरसुद्धा सोडू नकोस. मला काय उत्तर द्यायचं ते तू ठरव, मी घाई करणार नाही. ठाकूरसाहेब तुला विचारतील की तुझ्या बाबांनी नाही काहून म्हटलं, तेव्हा तुला माहीत असलेलं बरं. सोमवारीच त्यांचा फोन आला होता. पर्यटक पडले की स्की सुटतात आणि त्या पुन्हा बसवण्यात माणसांचा वेळ जातो, म्हणून कितीही पडलं तरी न सुटणाऱ्या पकडी मी शेडमध्ये करून द्याव्यात, असं त्यांचं म्हणणं. तीनशे जोड्या, जोडीमागे अकराशे, एकूण तीन लाख तीस हजार रुपये.

तुझाच,
बाबा