तुमचे रोडगे

बाबा, परवा शेतात तुमच्या नावानं रोडगे झाले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, तुम्ही करायचात तसेच. तुम्ही गेल्यापासून तुमचा मुलगा दर उन्हाळ्यात ते करतो, एक वर्ष चुकवलं नाही पठ्ठ्यानं. जेवणं आटोपल्यावर त्याच्या एका दोस्तानं लांबलचक ढेकर दिली, आभाळाकडे पाहून हात जोडले, "काकाजी, तुमची आठवण आली बरं," म्हणाला आणि तिथंच वावराच्या धुऱ्यावर तंबाखूच्या खर्र्याची पिचकारी मारली. मला किळस आली. त्या दोस्ताची थोडी, तुमची जास्त. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी इतकी वर्षं चांगलंच बोलत आले, आता माझ्यानं होत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी रांगत होती, आता ती कॉलेजात आहे. मे महिन्यात माझी शाळा बंद झाली की आम्ही दोघी यवतमाळहून दिग्रसची बस धरतो आणि माहेरी येऊन पडतो. यंदाचे पहिले काही दिवस इतके छान गेले म्हणून सांगू! पहाटे उठून कुरड्या. वहिनी चीक घोटतेय, घामानं निथळतेय, आणि माझी लेक वाटी घेऊन बाजूला उभी, कारण गरम चिकात दूध-साखर घालून खायला मिळतं. कुरड्यांना उरतं की नाही याची काळजी कोणालाच नाही. गच्चीवर मी आणि वहिनी सोऱ्या दाबतो, आई स्टुलावर बसून काठीनं कावळे हाकलते आणि आमच्या कुरड्यांना नावं ठेवते. "हे काय वं, कुरडई हाय का शेणाचा पो?" ऊन तापायच्या आत खाली यायचं, कूलर लावायचा, फरशीवर आडवं व्हायचं. दुपारी बादलीतले आंबे पिळायचे, कोयी चोखायच्या आणि गावातल्या साऱ्यांची उणीदुणी काढायची. वहिनी तिच्या मावससासूची नक्कल करते तेव्हा आई इतकी हसते की तिला ठसका लागतो. सुट्टी म्हणतात ती हीच. तिचा कोणी फोटो काढला नाही, काढायला कोणी आलंही नाही.

मग एका संध्याकाळी भाऊ दुकानातून आला आणि दारातूनच ओरडला, "ताई, शनिवारी बाबांचे रोडगे!" आईचा आंबा पिळणारा हात थांबला. "किती जण?" तिनं विचारलं. "असतीन वीस-पंचवीस." तिनं गोठ्याकडे पाहिलं. तिथं भिंतीला लावून गोवऱ्यांची उतरंड रचलेली आहे. डॉक्टरनं तिला उकिडवं बसायला मनाई केलीय, गुडघे पार गेलेत, तरी हिवाळाभर बसून त्या गोवऱ्या तिनंच थापल्या. रोडगे कशाच्या निखाऱ्यात भाजतात हे तुमच्या मुलाला माहीत आहे. त्या गोवऱ्या कोण थापतं हे त्यानं कधी विचारलं नाही. तुम्ही तरी कुठं विचारलं होतं?

तुमचे रोडगे म्हटलं की मी अजून दहा-अकरा वर्षांची आहे. शेतातल्या आंब्याखाली कापसाच्या जिनिंगमधले तुमचे दोस्त सतरंजीवर पसरलेत. तुम्ही तिथल्या वजनकाट्यावरची ड्युटी संपवून येता, डोक्याला दुपट्टा बांधता, बाह्या वर सारता आणि सगळ्या वावराला ऐकू जाईल असं म्हणता, "आज बायांले सुट्टी!" सगळे हसतात. तोवर आईनं गहू निवडून जाडसर दळून आणलेले असतात, महिनाभर साय जमवून तूप कढवलेलं असतं, पाट्यावर मसाला वाटलेला असतो, वांगी चिरून पाण्यात टाकलेली असतात, भाजी-वरणाचे मोठे गंज, पराती, पाण्याचे गुंड सगळं बैलगाडीत चढवून उतरवलेलं असतं. तुम्ही परातीत हात घालता. पाणी ती ओतते, तुम्ही मळता. गोळे करता, निखाऱ्यात लावता, वरून गरम राख ओढता, आणि दर दोन मिनिटांनी हाक येते. "अवं, चिमटा कोठं हाय? अवं, हिंग आणलं का नाही? अवं, धूर इकडंच काहून येते?" धूर इकडं का येतो याचं उत्तरसुद्धा तिनंच द्यायचं. तुमचे दोस्त म्हणतात, "वहिनी, नशीबवान हाय तुम्ही. असा नवरा भेटत नाही कोणाले." आई पदर सारखा करते आणि हसते. ती जेवते सगळ्यांत शेवटी, जळकं आणि उरलंसुरलं, तेही उभ्या उभ्या. दुसऱ्या दिवशी ती विहिरीजवळ राखेनं गंज घासत असते आणि तुम्ही बाजेवर आडवे पडून म्हणता, "दमलो बुवा काल." पुढं वर्षभर पाहुणे आले की तुमच्या रोडग्यांची कथा. वर्षातून एक संध्याकाळ कणीक मळली आणि बारा महिने कौतुक खाल्लं. लाज कशी वाटली नाही हो?

तर यंदा मी ठरवलं होतं. आईनं बसायचं. या एका दिवशी तिनं बाजेवर बसायचं, तिच्या हातात गरम पत्रावळ द्यायची, आणि ती संपेपर्यंत तिनं उठायचं नाही. मोठं काही मागत नव्हते मी. भावाला आधीच सांगितलं. तो म्हणाला, "मी कोठं तिले उठ म्हणतो, ताई? बस म्हणा ना तिले, खुशाल बस." मी आंब्याखाली बाज टाकली, आईला बसवलं, मुलीला शेजारी पहाऱ्याला बसवलं. भावानं तुमच्यासारखाच दुपट्टा बांधला. एका दोस्तानं मोबाइल धरला, भाऊ त्यात पाहून बोलायला लागला, "आमच्या वडिलांची ही परंपरा." आणि मग सुरू झालं. "आई, मीठ किती?" "आई, गोवऱ्या वल्ल्या लागून राह्यल्या." "आई, तुपाचा डबा कोठं ठेवला?" दर हाकेला ती गुडघ्यावर हात ठेवून उठते. मुलगी म्हणते, आजी बस, आजी म्हणते, "आलोच वं, एवढं दाखवून येतो." शेवटी पाहते तर आई निखाऱ्यासमोर उकिडवी बसून रोडगे परतून राह्यलीय, आणि भाऊ मोबाइलसमोर उभा राहून रोडगे कसे परतावेत ते सांगतोय.

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर ओरडले, "उठवा तिले तिथून! हात झडले का तुमचे?" भाऊ हळूच म्हणाला, "ताई, आज तरी भांडू नोको. बाबाचा दिवस हाय." मी म्हटलं, "बाबाचा दिवस अन् आईचे गुडघे!" त्याचे दोस्त मोबाइलात तोंड घालून बसले. वहिनीनं मात्र काही न बोलता आईच्या हातातला चिमटा घेतला आणि मी आईच्या काखेत हात घालून तिला उठवलं. तिचा हात इतका हलका लागला की मला भीती वाटली. "कायले तमाशा करतं बापा," असं ती पुटपुटत होती, पण आली.

पुरुषांची पंगत उठली तसं मी तिच्यासाठी निखाऱ्यातून नवा रोडगा काढला, राख झटकून फोडला, तूप ओतलं, वर वांग्याची भाजी, बाजूला वरण, आणि पत्रावळ तिच्या मांडीवर ठेवली. उठायला लागली तर खांदा दाबला. तिनं खाल्लं. हळूहळू, बोटं चाटत खाल्लं. मला वाटलं, चला, एवढं तरी केलं आपण. तेवढ्यात ती म्हणाली, "तुह्या बाबानं याच्यापेक्षा जास्त तूप टाकलं होतं."

मी विचारलं, कधी? आणि बाबा, तिनं पदर तोंडावर धरला. सत्तरी ओलांडलेली बाई, लाजली.

"एका वर्षी दुपारी वारं-वावधान सुटलं," ती सांगते. "नाल्याजवळचं झाड रस्त्यावर पडलं, त्यायच्या दोस्तायचा रस्ताच बंद झाला. कोणीच आलं नाही. तुम्ही दोघं पोरं झोपून गेलते. मंग मले म्हणे, बस. म्या म्हटलं, कायले? म्हणे, बस तर. अन् सोता पत्रावळ मांडली. रोडगा हातानं कुस्करला, चटका बसला त्यायले, तरी कुस्करला. तूप त मायबाई, इतकं ओतलं! अन् समोर बसून राह्यले. वांगं वाढू काय, अजून वाढू काय. म्या चार खाल्ले वं. मंग म्हणे, कोणाले सांगू नोको."

कोणाला सांगू नको! आजवर मी तुम्हाला केवढी सूट देत आले माहीत आहे? त्या काळचे पुरुष, त्यांना कोणी शिकवलं नाही, त्यांना दिसतच नव्हतं, जाऊ दे. आणि तुम्हाला तर सगळं दिसत होतं! ती उभ्या उभ्या जळकं खाते हे माहीत होतं. तिला बसवायचं कसं, समोर बसून आग्रह कसा करायचा, सगळं येत होतं. बघायला कोणी नव्हतं तेव्हा तुम्ही नवऱ्यासारखे वागलात, आणि एवढ्या चांगल्या गोष्टीची तुम्हाला चोरीसारखी लाज वाटली. पुढच्या वर्षी दोस्त आले आणि पुन्हा "अवं, चिमटा कोठं हाय?" थू! तुम्ही कधीच काही केलं नसतं तर मी तुम्हाला अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या एका पत्रावळीवर तिनं सारा जन्म काढला, बाबा, आणि अजूनही तिचा जीव त्या तुपात अडकलाय.

मी ताडकन उठले. भाऊ, त्याचे दोस्त, तो मोबाइल, सगळ्यांना ओरडून सांगणार होते की तुमच्या काकाजींची खरी परंपरा ऐका. आईनं माझ्या साडीचा पदर धरला. इतका घट्ट की पिन तुटली. "नोको वं. तुले माही शपथ हाय. लोकं बायल्या म्हणतीन त्यायले. मेल्या माणसाचं नाव कायले खराब करतं?" तिच्या डोळ्यांत खरंच भीती होती. बायकोला जेवायला वाढलं हे कळलं तर तुमची अब्रू जाईल याची भीती.

भावानं तिकडून विचारलं, "काय झालं, ताई?"

मी खाली बसले. म्हटलं, "काही नाही. वरणात मीठ कमी हाय."

वरण चांगलं झालं होतं. आई मान खाली घालून उरलेला रोडगा खात होती आणि मी तुमची अब्रू राखत तिच्या शेजारी बसले होते. इथं यवतमाळला परत आल्यावरही मी कोणाला बोलले नाही, लेकीलाही नाही. पोटात मावेना म्हणून तुम्हाला लिहिलं, आणि तुम्हाला तर ते माहीतच आहे.